ठेक्याचे धनी (भाग 9) : ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन

मागच्या आठवड्यात आपण संबळापाशी थांबलो होतो. तुळजापुरात गोंधळी उभा राहिला की त्याच्या कमरेला दोन भांडी असतात, एक चढ्या, टणटणीत आवाजाचं आणि दुसरं खर्जातलं. ट्रॅप नावाच्या रॅपचा सांगाडाही जवळपास असाच. वर हाय-हॅटची टिकटिक, खाली घुमणारा ‘808’. गायकाच्या वाट्याला येते ती मधली मोकळी जागा.

पुण्याचा एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख, आपल्याकडे घरोघरी पोचला तो ‘बिग बॉस’मुळे. 12 फेब्रुवारी 2023 ला तो सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला, तर अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. आयाबायांच्या लक्षात राहिले ते त्याचे 80 हजारांचे बूट आणि गळ्यातलं ‘हिंदी’ लिहिलेलं भलंमोठं लॉकेट. साडेचार महिने हा पोरगा रोज रात्री टीव्हीवर होता. पण त्याची खरी कारागिरी लॅपटॉपवर चालते आणि ती तिथं दिसण्यासारखी नव्हतीच. तो नुसता रॅपर नाही. आपल्या बऱ्याचशा गाण्यांची बीट तो स्वतः बनवतो, आणि माझ्या मते त्याचं सगळं वेगळेपण तिथंच आहे.

बीट बनवायची म्हणजे करायचं काय? जपानच्या रोलँड कंपनीनं 1980 मध्ये टीआर-808 नावाचं तालयंत्र काढलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा वाटत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि तीनेक वर्षांत उत्पादन बंद झालं. सेकंडहँड यंत्रं स्वस्तात मिळू लागली, ती हिपहॉपवाल्या पोरांनी उचलली. त्यातल्या बास ड्रमचा ठोका लांबवता येतो. लांबवला की तो ठोका राहत नाही, त्याचा खर्ज सूर होतो. मिरवणुकीत डीजेच्या गाडीसमोर छाती हादरते, ती याच जातीच्या खर्जानं. आज यंत्र कुणाकडे नसतं. त्याचे आवाज संगणकात असतात आणि पोरं ते माउसनं एकेक चौकटीत बसवतात.

ट्रॅपची लय मिनिटाला साधारण 140 मात्रांची असते, पण टाळी पडते तिसऱ्या मात्रेवर. त्यामुळे कानाला चाल निम्मी वाटते, संथ. हाय-हॅट मात्र दुप्पट, तिप्पट धावत असतो. बोलणाऱ्यानं कुठल्या वेगाला धरायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. तयार बीट विकत घेणारा रॅपर तिच्यात स्वतःला बसवतो. स्टॅन मात्र स्वतःसाठी जागा राखून बीट रचतो, म्हणून त्याचं ते रेंगाळत, अर्धवट पुटपुटल्यासारखं बोलणं कुठे घसरत नाही.

जन्म 1999 चा, पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला. लहानपणी कव्वाली, मग बीटबॉक्सिंग, मग रॅप. 2018 मध्ये ‘वाता’ हे गाणं आलं, पुढच्या वर्षी एमिवे बंटाय या रॅपरशी वाजलं आणि ‘खुजा मत’नं त्याचं नाव सगळीकडे झालं. 2020 मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम. तडीपार म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 56 खाली हद्दीबाहेर काढलेला माणूस, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच अल्बममधल्या एका गाण्याचं नाव ‘येडे की चादर’. भाषा हिंदी म्हणायची, पण हा ‘येडा’ पुण्याचाच. 2022 मध्ये ‘इन्सान’ आला.

स्टॅन आवाजावर ऑटोट्यून लावतो. त्याबद्दल आमच्या पिढीची ठरलेली तक्रार : गाता येत नाही म्हणून यंत्र. अँडी हिल्डेब्रँड या माणसानं ते 1997 मध्ये बाजारात आणलं. त्याआधी तो तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या ध्वनिलहरी वाचायचा. हेतू बेसूर आवाज गुपचूप सुरात आणण्याचा होता. रॅपरांनी ते लपवलं नाही, उलट पट्टी पार ताणली आणि त्या कृत्रिम थरथरीचंच वाद्य केलं. स्टॅन दुखरं काही सांगायला लागला की ही थरथर हमखास येते. मला ती आवडते. कव्वालीतल्या तानेची हौस त्यानं अशी भागवली असावी, असा माझा आपला अंदाज.

शब्दांबाबत मात्र मी त्याची वकिली करणार नाही. वस्तीचा राग गाण्यात यावा, शिवीही यावी. पण दरवेळी ती आई-बहिणीवरूनच का? हार्डकोर रॅपची ही खोड अमेरिकेतूनच आली हे खरं, म्हणून ती चालवून घ्यायचं कारण नाही. मार्च 2023 मध्ये इंदूरला करणी सेनेच्या लोकांनी याच मुद्द्यावर त्याचा कार्यक्रम बंद पाडला. ते मला पटलं नाही. शिवी खटकली तर तसं लिहावं, बोलावं. मंचावर चढून माइक घ्यायचा अधिकार त्यानं मिळत नाही.

पुढच्या भागात आपल्या मराठवाड्यातला राज मुंगासे. त्याच्या राजकीय रॅपवर एप्रिल 2023 मध्ये थेट गुन्हाच दाखल झाला होता.