नोतो : दर्शनी चिरे आणि आतला गाभा

इटलीचे नाव निघाले की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही शहरे आपल्याला आठवतात. आम्ही मात्र आज सिसिली बेटाच्या आग्नेय भागातील नोतो या लहानशा गावाची हकीकत सांगणार आहोत.

११ जानेवारी १६९३ रोजी तेथे प्रचंड भूकंप झाला. त्या मुलुखात सुमारे ६०,००० माणसे दगावली आणि डोंगरावरचे जुने नोतो जमीनदोस्त झाले. जागेवरून वाद पुष्कळ झाले. अखेर काही किलोमीटर दूर, समुद्राच्या बाजूच्या उतारावर नवे गाव वसले. रोझारियो गाल्यार्दी, व्हिन्चेन्झो सिनात्रा आणि पाओलो लाबीझी या स्थपतींनी तेथे चर्च, मठ आणि वाडे उभारले. दगड तिथलाच, मधाच्या रंगाचा मऊ चुनखडक. छिन्नीला तो सहज वश होतो. निकोलाची घराण्याच्या वाड्यात छज्जांना आधार देणारे दगड सिंह, घोडे आणि बालदेवदूत होऊन बसले आहेत, ते या मऊपणामुळेच. या घराण्याच्या मालकीची मार्झामेमी येथे ट्यूना माशांची मोठी मासेमारी होती. म्हणजे छज्जांच्या वैभवात जाळे ओढणाऱ्या हातांचाही वाटा आहे. सरदारांची नावे वाड्यांना लाभली, स्थपतींची इतिहासात राहिली. पाथरवट आणि कोळी बहुतेक निनावीच राहिले.

आता मुख्य गोष्ट. गावातील सेंट निकोलसचे कॅथीड्रल १७७६ साली पुरे झाले. १३ मार्च १९९६ च्या रात्री त्याचे खांब ढासळले आणि त्यांच्याबरोबर छत व घुमटाचा मोठा भाग खाली आला. आत कोणी नव्हते, म्हणून जीवितहानी टळली. तपासात काय दिसले? खांबांना बाहेरून घडीव चिरे होते, पण पोटात नदीतले गोल गोटे आणि हलका चुना भरलेला होता. गोल गोटे एकमेकांना धरून राहत नाहीत. साहजिकच भार बाहेरच्या चिऱ्यांवर पडत गेला. त्यात विसाव्या शतकाच्या मध्याला जुन्या लाकडी छपराऐवजी काँक्रीटचे जड छत घातले गेले आणि १९९० च्या भूकंपाने इमारत आणखी खिळखिळी झाली.

पुनर्बांधणीत दर्शनी भाग सावरून भागणार नव्हते; खांब पुन्हा घडीव दगडांत, गाभ्यासकट, उभारावे लागले. १८ जून २००७ रोजी कॅथीड्रल पुन्हा उघडले. त्याआधी, २००२ मध्ये, नोतोसह त्या भागातील आठ गावांना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले होते.

जन्मभर कामगारांत वावरल्यामुळे आम्हाला यातून एकच गोष्ट सांगाविशी वाटते. जे काम गिलाव्याखाली झाकले जाते, त्याला पुरेसा दाम, पुरेसा वेळ आणि नेकीची देखरेख मिळाली पाहिजे. तिथे केलेली काटकसर कधी दोनशे वर्षांनीही वसूल होते, आणि ती फेडावी लागते ती पुढच्या पिढ्यांना.