तज्ज्ञाचा विचार आणि संगणकाचे निदान

जमिनीला वापसा आला की नाही, हे अनुभवी शेतकरी मूठभर माती दाबून लगेच सांगतो. मात्र ओलावा नेमका किती हवा, असे विचारल्यास ते शब्दांत सांगणे त्याला अवघड जाते. माणसाला जे कळते, ते सगळेच त्याला सांगता येत नाही. माणसाच्या विचारपद्धतीची नक्कल संगणकावर करताना शास्त्रज्ञांना हीच अडचण आली. आज पानाचा फोटो पाहून रोग सांगणारी मोबाइल ॲप उपलब्ध आहेत. त्यांच्या सल्ल्यावर फवारणीचा खर्च करण्यापूर्वी संगणक 'विचार' कसा करतो, हे समजून घेणे हिताचे आहे.

सुरुवात

अमेरिकेत ॲलन न्यूएल, हर्बर्ट सायमन व क्लिफ शॉ यांनी 1956 च्या सुमारास 'लॉजिक थिअरिस्ट' ही आज्ञावली तयार केली. माणूस एकेक पायरी चढत गणिती विधान सिद्ध करतो, त्याच रीतीने ती काम करीत असे. माणसाचा विचार नियमांत मांडता येतो, हा त्यामागील विश्वास होता. त्यातूनच पुढे 'तज्ज्ञ प्रणाली' विकसित झाल्या.

जर-तर नियम

तज्ज्ञ प्रणालीत तज्ज्ञाचे ज्ञान जर-तर अशा नियमांत भरले जाते. उदाहरणार्थ, सोयाबीनची शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता असू शकते. पानांवर हिरवे-पिवळे अनियमित चट्टे असून शेतात पांढरी माशी असेल, तर पिवळा मोझॅक असण्याची शक्यता असते.

सोयाबीनवरील प्रयोग

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मिखाल्स्की व चिलॉस्की यांनी सोयाबीनच्या 15 रोगांवर केलेला प्रयोग 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियमांचे दोन संच होते. पहिला संच वनस्पती रोगतज्ज्ञाला विचारून लिहिला. दुसरा संच संगणकाने रोगाचे निदान झालेल्या 290 झाडांच्या नोंदींवरून स्वतः तयार केला. या नोंदींत महिना, पाऊस व तापमान यांबरोबर पान, खोड, शेंगा व बी यांवरील लक्षणे होती. नंतर 340 वेगळ्या झाडांवर दोन्ही संच तपासले. तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांनी 71.8 टक्के, तर उदाहरणांवरून बनविलेल्या नियमांनी 97.6 टक्के निदाने बरोबर आली. नियम सांगताना जे सुटले, ते उदाहरणांतून मिळाले.

फोटोवरून निदान

आजची ॲप मुख्यतः याच दुसऱ्या मार्गाने, म्हणजे हजारो फोटो पाहून शिकतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 14 पिके व 26 रोगांचे 54,306 फोटो वापरण्यात आले. त्याच संग्रहातील बाजूला ठेवलेल्या फोटोंवर 99.35 टक्के अचूकता मिळाली. परंतु वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती 31 टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातील फोटो तोडलेल्या पानांचे व साध्या पार्श्वभूमीवरचे होते. शेतात मात्र माती, सावली, दव आणि शेजारची पानेही फोटोत येतात. ज्या प्रकारची उदाहरणे पाहिली, त्याच प्रकारात संगणक पटाईत होतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

1. केवळ पान न पाहता संपूर्ण झाड पाहावे. लक्षणे कोवळ्या पानांवर आहेत की जुन्या, हे नोंदवावे.
2. प्रादुर्भाव एका पट्ट्यात आहे की विखुरलेला, तसेच पाणी साचले होते काय, हेही पाहावे. एका फोटोत हे दिसत नाही.
3. पानाच्या दोन्ही बाजूंचे, चांगल्या उजेडात, तीन-चार झाडांचे फोटो काढावेत. उत्तरे वेगवेगळी आल्यास निदान पक्के समजू नये.
4. फवारणीपूर्वी कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी. पिवळा मोझॅक विषाणूजन्य असल्याने बुरशीनाशकाने बरा होत नाही, तसेच लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक फवारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.
5. तारीख, पाऊस, लक्षणे व उपाय यांची वहीत नोंद ठेवावी.

संगणकाने तज्ज्ञापेक्षा सरस नियम बनविले, ते कोणीतरी काळजीपूर्वक केलेल्या 290 नोंदींच्या बळावर. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, ॲप जरूर वापरा. मात्र बांधावरून नव्हे, पिकात उतरून केलेले निरीक्षण सोडू नका.