ब्राउझर आपला, विश्वासाची यादी कोणाची?

ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली बसवणार, अशा बातम्या आल्या. आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय वेब ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा जाहीर केली. बक्षिसांची रक्कम होती ३ कोटी ४१ लाख रुपये. या दोन बातम्या एकत्र वाचायला हव्यात. फाइल, निविदा, विवरणपत्र, सगळे आता ब्राउझरमध्येच उघडते. तो नीट चालला नाही, तर पर्यायी प्रणाली कितीही चांगली असली तरी कचेरीत टिकत नाही.

ब्राउझरचा गाभा म्हणजे त्याचे इंजिन. आलेला मजकूर वाचून पानाची मांडणी करायची, प्रोग्राम चालवायचे, ‘वाऱ्यावर’मधला र्‍य न मोडता दाखवायचा, हे त्याचे काम. जगात वापरात असलेली मोठी इंजिने तीनच: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. यांतली पहिली दोन पर्यायी प्रणालींच्याच दुनियेतून आली आहेत. लिनक्सवरच्या केडीई प्रकल्पातील स्वयंसेवकांनी काँकरर या ब्राउझरसाठी केएचटीएमएल लिहिले. त्यावरून ॲपलने वेबकिट घडवले आणि २०१३ मध्ये गूगलने त्यातून ब्लिंक वेगळे काढले. अलीकडचा लेडीबर्डही असाच सेरेनिटीओएस या हौशी प्रणालीसाठी सुरू झाला आणि २०२४ मध्ये स्वतंत्र झाला. इंजिन शून्यापासून लिहिणे किती अवघड आहे, हे त्याच्या संथ वाटचालीवरून कळते.

दिल्लीच्या स्पर्धेने हा डोंगर चढायला सांगितले नव्हते. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. पहिले, एक कोटीचे बक्षीस झोहोला मिळाले; झोहोचा ‘उला’ ब्राउझर गूगलच्याच क्रोमियमवर, म्हणजे ब्लिंक इंजिनावरच, उभा आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. स्पर्धेचा खरा भर दुसरीकडे होता, विश्वासाच्या यादीवर.

बँकेचे पान उघडले की ते खरोखर बँकेचेच आहे, हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ठरवतो. प्रमाणपत्र कोणी दिले हे पाहून तो आपल्याजवळची यादी तपासतो. या यादीत प्रमाणपत्रे देणाऱ्या जगभरच्या संस्थांची शंभरावर मूळ प्रमाणपत्रे असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार भारताचे मूळ प्रमाणपत्र दिल्लीतील प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या हाती आहे. ते ब्राउझरमध्ये आधीपासूनच असावे, ही स्पर्धेची अट होती.

ही अट का लागली, त्याचे उत्तर बरेचसे २०१४ मध्ये आहे. त्या जुलैत गूगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघालेली आढळली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून बाहेर पडली होती. नियंत्रकांनी भारतीय मूळ प्रमाणपत्राखाली त्या केंद्राला दिलेली मधली प्रमाणपत्रे लगेच रद्द केली. पण गूगलने त्यानंतर भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता सरकारी व मोजक्याच इतर पत्त्यांपुरती मर्यादित केली. ते प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, म्हणून धोका विंडोजवर होता. लिनक्सवरचा क्रोम सुरक्षित राहिला, फायरफॉक्सही. त्यांच्या यादीत ते नव्हतेच. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: त्याच मूळ प्रमाणपत्राखालचे एखादे प्रामाणिक सरकारी पान लिनक्सवर उघडले, की धोक्याची सूचना समोर येई.

स्वतःची यादी असावी, हे मला मनापासून पटते. आपल्या खात्यांच्या पानांची ओळख पटवायलाही परदेशी प्राधिकरणांचे प्रमाणपत्र लागावे, हे बरे नाही. पण यादी आपल्या हाती आली म्हणजे तपासणी टळत नाही, उलट वाढते. मोझिला मूळ प्रमाणपत्र स्वीकारण्याआधी त्रयस्थ लेखापरीक्षण मागते आणि अर्जाची चर्चा सर्वांसमोर करते. क्रोमने २०१८ पासून नवी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत चढवणे सक्तीचे केले, त्यामुळे चोरून दिलेले प्रमाणपत्र कोणालाही शोधता येते. दिल्लीच्या मूळ प्रमाणपत्राने हीच वाट धरावी. मोझिलाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, तर लिनक्सवर, अगदी साध्या फायरफॉक्समध्येही, त्याखालचे सरकारी पान नवा ब्राउझर न बसवता उघडेल.