भिंत त्याची, छत काकूंचं

आमच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीत एकाने हॉल मोठा करायला मधली भिंत फोडायला काढली. ‘घर माझं, पैसे माझे!’ खालच्या काकूंच्या छताचं प्लास्टर पोह्यांच्या ताटात पडलं, तेव्हा काम थांबलं. ऑगस्ट २०२५मध्ये विरारची अनधिकृत रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या बांधकामाच्या नियमांना माझा पाठिंबा.

पण पालघरच्या दोन मुलींनी कुणाचं छत पाडलं? नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं. दोघींना अटक! फोडला गेला तो एकीच्या काकांचा दवाखाना. आधी लावलं धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५अ. मजकुरात धर्म कुठेच नव्हता; नंतर ते कलम बदललं. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केलं. २९५अ आज भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. त्यातली दुष्ट हेतूची अट, पोलीस ठाण्यासमोर गर्दी जमल्यावर, वाचतं कोण?