हत्तीने माळ घातल्यानंतर

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आढळते. तो राज्य करावयास कोणाजवळ शिकला, याविषयी मात्र दगड मौन धरतो. आमच्या घरोघरच्या कहाण्यांचीही तीच तऱ्हा. हत्ती गुराख्याच्या पोराच्या गळ्यात माळ घालतो आणि पुढच्याच वाक्यात तो शहाणा राजा होऊन बसतो! मधली वर्षे कोठे गेली, असे मुले विचारतात, तोवर आजीबाईंनी दिवा मालविलेला असतो.

ही मधली वर्षे ज्याची ठाऊक आहेत असा एक राजा आपल्याच महाराष्ट्रात जन्मला. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले व खंडेरावांच्या राणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ इतर मुलांबरोबर बडोद्यास आणिला गेला. ‘कशाला आलास?’ असे विचारता ‘राजा व्हावयास’ असे तो म्हणाला, ही आख्यायिका सुप्रसिद्धच आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या या उत्तराचे कौतुक करावे. पण त्यावर फार भिस्त ठेवू नये, असे आम्हांस वाटते. राजा होण्याची हौस कोणास नसते?

खेड्यातल्या त्या शेतकऱ्याच्या मुलास सयाजीराव हे नाव मिळाले, आणि मग सहा वर्षे अभ्यास. शिक्षक इलियटसाहेब, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा. राज्य दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. त्यांनी राज्यकारभारावर या तरुणास जी व्याख्याने दिली, ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. ज्याच्या हाती उद्या सत्ता जावयाची, त्यासच तिच्या मर्यादा शिकविण्याचे ते काम होते! २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांस पूर्ण अधिकार मिळाले.

कहाणीतला राजा सुखाने झोपतो. सयाजीरावांस निद्रानाश जडला व १८८७ साली प्रकृतीसाठी त्यांस युरोपात जावे लागले. तरी कामावरची इच्छा ढळली नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते सर्व राज्यास लागू झाले. १९११ साली नामदार गोखल्यांनी तसेच विधेयक कलकत्त्यास मांडिले. ते १९१२त फेटाळले गेले. त्या वेळी बडोद्याच्या खेड्यांत, मुलास शाळेत धाडले नाही म्हणून बापास दंड होत होता.