सर्दीचे सात दिवस

'औषध घेतले तर सर्दी सात दिवसांत बरी होते आणि न घेतले तर आठवडा लागतो', असे गमतीने म्हटले जाते. या विनोदात एक वैद्यकीय सत्य दडलेले आहे. साधी सर्दी मुळापासून बरी करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. ती बरी करते ते आपले शरीरच. मग या सात दिवसांत आपण काय करावे आणि काय टाळावे? त्यासाठी सर्दी म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पावसात भिजल्याने सर्दी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांपैकी ऱ्हायनोव्हायरस हा प्रमुख असून त्याचे सुमारे १६० प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीराने प्रतिकारशक्ती मिळवली, तरी दुसऱ्या प्रकारामुळे पुन्हा सर्दी होऊ शकते. विषाणू नाकाच्या आतील अस्तरात शिरला, की शरीर त्याचा प्रतिकार करू लागते. तेथील रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून नाक चोंदते. नाकातून स्राव वाहतो, शिंका येतात आणि त्यांबरोबर विषाणू बाहेर टाकले जातात. ज्याला आपण सर्दीचा त्रास म्हणतो, तो बऱ्याच अंशी शरीराने चालवलेला प्रतिकार असतो.

घरगुती उपायांचे महत्त्व येथेच आहे. ते विषाणूला मारत नाहीत. मात्र शरीराचे काम चालू असताना आराम देतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास घशाची खवखव कमी होते. गरम पेयांमुळे शरीरातील पाण्याचे प्रमाण टिकते आणि घट्ट झालेला कफ सुटण्यास मदत होते. म्हणूनच महाराष्ट्रात आले आणि गवती चहाचा काढा, उत्तर भारतात तुळस व काळ्या मिरीचा काढा, तमिळनाडूत मिरीचे रसम, तर केरळात सुंठ आणि गूळ घातलेली 'चुक्कु काप्पी' घेतली जाते. प्रांत बदलला, तरी आजीबाईच्या बटव्यातील जिन्नस फारसे बदलत नाहीत. मधाच्या चाटणाने खोकल्याची ढास कमी होते. या सर्वांपेक्षा मोठा उपाय म्हणजे झोप आणि विश्रांती.

परंतु विश्रांती सर्वांनाच परवडत नाही. ज्याचा दिवस बुडाला की मजुरी बुडते, तो लवकर बरे होण्याच्या आशेने औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या मागून घेतो. प्रतिजैविके जिवाणूंवर परिणाम करतात, विषाणूंवर नाही. त्यामुळे सर्दी एक दिवसही लवकर बरी होत नाही. उलट शरीरातील जिवाणूंना त्या औषधाला दाद न देण्याची सवय लागते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानातच या धोक्याची सूचना दिली होती. भारतात २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर अधिक कडक निर्बंध आहेत. आज सर्दीसाठी विनाकारण घेतलेली गोळी उद्या न्यूमोनियासारख्या गंभीर आजारात निरुपयोगी ठरू शकते.

याचा अर्थ नैसर्गिक ते सारे निर्धोक, असा मात्र नाही. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित प्राणघातक विषबाधा होऊ शकते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ घेताना भाजण्याच्या दुर्घटना घडतात, म्हणून लहान मुलांना अशी वाफ देऊ नये. बाळाच्या नाकात तेल सोडणेही घातक आहे, कारण ते फुप्फुसात उतरू शकते. मधुमेह, दमा किंवा रक्तदाब यांवर चालू असलेली औषधे काढ्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत ओसरते. त्याहून अधिक दिवस ती हटली नाही, तीन दिवसांहून अधिक ताप राहिला, धाप लागली, छातीत दुखू लागले, कानातून पू आला किंवा बरे वाटू लागल्यावर प्रकृती पुन्हा बिघडली, तर डॉक्टरांकडे जावे. तान्हे बाळ दूध पीत नसेल किंवा त्याचा श्वास जलद चालत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

सर्दी झालेल्याने शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरावे आणि हात साबणाने वारंवार धुवावेत. आपली सर्दी शरीर बरी करील. ती घरातील वृद्धांपर्यंत आणि तान्ह्या मुलांपर्यंत पोहोचू न देणे मात्र आपल्या हाती आहे.