बॉर्दो वाइन, तांबडी

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बॉर्दो शहराच्या परिसरात, बहुधा दोन किंवा अधिक वाणांच्या द्राक्षांपासून निरनिराळ्या काढलेल्या वाइन एकत्र करून बनविण्यात येणारे द्राक्षमद्य. इंग्लंडमध्ये हिला ‘क्लॅरेट’ म्हणतात. गारॉन व दॉर्दोन्य या नद्या आणि त्यांच्या संगमापासून सुरू होणारी जिराँद खाडी यांच्या काठांवर हिचे मळे पसरलेले आहेत.

मिश्रण : खाडीच्या डाव्या काठावरील मेदॉक विभागात जमीन खडेगोट्यांची असून ती लवकर तापते व पाण्याचा चांगला निचरा करते. तेथे उशिरा पिकणारे काबर्ने सोव्हीन्याँ हे वाण प्रमुख आहे. उजव्या बाजूस सँतेमिल्याँ व पॉमरॉल येथील चिकण आणि चुनखडीयुक्त जमिनी थंड असल्याने तेथे लवकर पिकणाऱ्या मेर्लोला प्राधान्य मिळते. पहिल्यापासून टॅनीन व आम्लता, तर दुसऱ्यापासून मृदुता व भरीवपणा लाभतो. काबर्ने फ्राँ सुगंधासाठी, तर पती व्हेर्दो रंगासाठी थोड्या प्रमाणात घालतात. मिश्रणाची प्रथा केवळ चवीसाठी पडली असे मानणे बरोबर नाही. मेर्लोला वसंतातील हिमतुषाराचे, तर काबर्नेला शरदातील पावसाचे भय असते. दोन्ही लावल्याने एक गेले तरी दुसरे हाती राहते. हवामान उष्ण होत चालल्याने २०२१ मध्ये साध्या बॉर्दो वाइनसाठी तूरिगा नासियोनाल व मार्सेलान यांसारख्या काही नव्या वाणांना मर्यादित प्रमाणात परवानगी देण्यात आली.

मुरवण : उत्तम प्रतीची वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिपांत साधारणपणे १२ ते २४ महिने ठेवून मग बाटल्यांत भरतात. तिचे खरे रूपांतर त्यापुढे बाटलीत होते. नव्या वाइनचा जांभळट रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो, तर तुरटपणा साल व बिया यांतील टॅनिनांमुळे येतो. टॅनिने लाळेतील प्रथिनांशी संयोग पावल्याने तोंड कोरडे पडते. कच्ची सुपारी चघळताना येणारा अनुभव याच जातीचा होय. कालांतराने रंगद्रव्ये व टॅनिने परस्परांशी जोडली जातात, काही अंश साक्याच्या रूपाने तळाशी बसतो, रंग विटकरी होतो आणि तुरटपणा निवतो. मात्र मोठे रेणू खाली बसले एवढ्याने या बदलाचा पूर्ण उलगडा होत नाही, कारण अम्लामुळे टॅनिनांच्या काही साखळ्या तुटतही असतात. याच काळात ताज्या फळांचा वास मागे पडून देवदार, तंबाखू, चामडे, ओली पाने व अळंबी यांची आठवण देणारे गंध पुढे येतात.

जुनी तेवढी चांगली, हा समज चुकीचा आहे. बॉर्दोतील बहुतेक साधी वाइन काही वर्षांतच पिण्याजोगी असते व पुढे ती केवळ निस्तेज होते. उंची वाइनमध्येही टॅनीन निवण्यापूर्वीच फळाचा स्वाद ओसरण्याचा धोका असतो. १९७५ सालच्या अनेक वाइनविषयी हीच तक्रार राहिली. याउलट १९८२ ची वाइन कोवळेपणीच इतकी मवाळ लागली, की ती टिकेल काय अशी शंका काही समीक्षकांनी घेतली. तिच्यातील उत्तम बाटल्या मात्र अनेक दशके टिकल्या. असे असूनही सुगीनंतरच्या वसंतातच, पिपांतील नमुने चाखून, भाव ठरविले जातात. ग्राहक अशा वेळी वाइन नव्हे, तर तिच्याविषयीचे भाकीत विकत घेत असतो.

बाटल्या अंधाऱ्या, दमट जागी, १२° ते १४° से. तापमानात आडव्या ठेवतात. त्यामुळे बूच ओले राहून हवा आत शिरत नाही. लहान बाटलीतील वाइन लवकर, तर मोठ्या बाटलीतील सावकाश मुरते.

आस्वादन : जुनी बाटली एकदोन दिवस उभी ठेवून साका तळाशी बसू देतात व वरची निवळ वाइन दुसऱ्या पात्रात अलगद ओतून घेतात. बॉर्दो येथील मद्यशास्त्रज्ञ एमील पेनो (१९१२–२००४) यांच्या मते साका नसल्यास हा खटाटोप अनावश्यक असून, करावयाचाच तर तो वाढण्याच्या अगदी आधी करावा. अतिवृद्ध वाइनचा गंध हवेत झपाट्याने उडून जातो. पेल्यात १६° ते १८° से. तापमानाची वाइन तिसरा हिस्साच ओततात. पेला तिरपा करून कडेचा रंग पाहतात, आधी तो स्थिर ठेवून व नंतर घोळवून वास घेतात आणि मग घोट जिभेवर फिरवून आंबटपणा, तुरटपणा व गिळल्यानंतर स्वाद किती काळ टिकतो ते जोखतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आल्यास दोष बहुधा बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगाचा असतो.

या परीक्षेत डोळा नाकाला सहज फसवितो. बॉर्दो येथील ५४ विद्यार्थ्यांना निर्गंध तांबडा रंग घातलेली पांढरी वाइन दिली असता त्यांनी तिच्या वासाचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. म्हणूनच काटेकोर तुलनेसाठी बाटल्या झाकून ठेवतात आणि काही ठिकाणी काळे पेलेही वापरतात.